कुत्री पकडायला इंजिनिअर?

मराठी विभागासाठी करिअरवर लेख द्या, असं मॅगझिन कमिटीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी पटापट विषय उचलले. कुणी गेट घेतलं, कुणी यू.पी.एस.सी., कुणी एम.एस. इन जर्मनी. मी उशिरा पोचले. म्हटलं, "मॅडम, मी कुत्र्यांवर लिहू?" वर्गात हशा! मॅडम मात्र हसल्या नाहीत. "करिअर असेल तर लिही," एवढंच म्हणाल्या.

तर मित्रमैत्रिणींनो, करिअर आहे. ते कसं असतं, हे मी गेलं दीड वर्ष शोधतेय, त्यातलं जे समजलं ते इथे देतेय. आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका प्रूफ बघणाऱ्यांनी पोटात घातल्या असतील. आणि बोलताना मी कोल्हापूरच्या बाकी मुलींसारखीच "मी आलो, मी गेलो" म्हणते. इथे "आले-गेले" लिहिलंय ते फक्त छापायचं आहे म्हणून!

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. सेकंड इयरला आम्ही चौघी जणी कॅम्पसवरच्या कुत्र्यांना खायला घालायचो. मेसमधल्या उरलेल्या चपात्या, भात आणि रविवारी मटणाची हाडं. (शिजवलेलं हाड कुत्र्याला द्यायचं नसतं, ते फुटून घशात-आतड्यात टोचतं, हेही तेव्हा माहीत नव्हतं.) हॉस्टेलजवळ रेक्टर मॅडम ओरडायच्या, म्हणून आम्ही मेन गेटपाशी, वॉचमनच्या केबिनमागे घालायचो. त्यातली एक तांबूस कुत्री माझी खास. कितीही हाकललं तरी पुढच्या सेमिस्टरला परत हजर, म्हणून तिचं नाव ठेवलं केटी.

२०२४ च्या पावसाळ्यात पहाटे सहाला ड्युटीवर येणाऱ्या वॉचमनकाकांच्या सायकलमागे गेटवरची कुत्री धावली आणि एकाने पोटरीला तोंड मारलं. काकांनी जखमेवर हळद आणि तंबाखू दाबली आणि ड्युटी केली. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी. रिक्षात घालून त्यांना सी.पी.आर.ला नेलं, तिथे जखम धुतली, लस सुरू झाली. परत येताना काका अगदी शांतपणे म्हणाले, "म्याडम, कुत्र्यांस्नी खायला तुमी घालताय आनि चावत्यात आमाला."

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही स्वतःला प्राणिप्रेमी म्हणवत होतो. पण ज्या माणसाच्या वाटेत आम्ही सात-आठ कुत्री गोळा केली होती, त्याला आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

इथे दोन मिनिटं रेबीजबद्दल, कारण हे आपल्यापैकी पुष्कळांना नीट माहीत नसतं. विषाणू जखमेतून शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत राहतो. पोचायला बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. लस म्हणजे त्या शर्यतीत शरीराची फौज आधी उभी करणं. लक्षणं एकदा दिसली की मृत्यू जवळजवळ ठरलेला. म्हणून चावल्याबरोबर पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं. हळद नाही, चुना नाही, तंबाखू तर नाहीच. मग लगेच दवाखाना. लस स्नायूत देतात तेव्हा दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस, कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन लागतं, ते दिलं का हे विचारायला लाजू नका. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून मधला डोस सोडायचा नाही. काकांचे सगळे डोस पुरे झाले. अठ्ठाविसाव्या दिवसाची तारीख मी हातावर पेनने लिहून ठेवली होती.

मारून कमी होतात का?

या प्रकारानंतर कॅन्टीनमध्ये एक वाक्य सारखं ऐकू यायचं, "एकदाची मारून टाका सगळी." मला राग यायचा, पण रागाने वाद जिंकता येत नाही. म्हणून वाचायला लागले.

हा प्रयोग आपल्याकडे दोनशे वर्षं करून झालाय. १८३२ साली मुंबईत इंग्रजांनी मोकाट कुत्रं मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातली, पाळलेलीसुद्धा मारली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मान. त्या जूनमध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली, बाजार बंद पडला. मद्रासमध्ये तर महापालिका एकोणिसाव्या शतकापासून कुत्री मारत आली होती. ब्लू क्रॉस या तिथल्या संस्थेच्या सांगण्याप्रमाणे १९९६ च्या सुमाराला हा आकडा रोज १३५ पर्यंत पोचला होता आणि तरीही रस्त्यावर कुत्री होतीच. एक जागा रिकामी झाली की शेजारचं कुत्रं तिथे येतं, कारण खाणं तिथेच असतं. आपल्या मटण मार्केटच्या आसपास किंवा कुठल्याही चिकन सेंटरच्या मागे जाऊन बघा, कचऱ्याचा ढीग जेवढा मोठा तेवढी टोळी मोठी.

ब्लू क्रॉसने १९६४ पासूनच नसबंदीचा आग्रह धरला होता. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, एस. चिन्नी कृष्णा, पेशाने इंजिनिअर! (हे वाचून मला जो आनंद झाला तो पहिल्या इंटर्नल टेस्टला पैकीच्या पैकी पडले तेव्हाही झाला नव्हता.) नसबंदीच्या या पद्धतीला अॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे ए.बी.सी., हे नाव त्यांचंच. मद्रासच्या महापालिकेने ही पद्धत १९९६ मध्ये स्वीकारली. मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था १९८५ पासून काम करतेय. २००१ मध्ये केंद्र सरकारने ए.बी.सी. नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. पद्धत साधी आहे. पकडायचं, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण म्हणून छोटा काप द्यायचा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा कान टोकाला कापलेला दिसला तर त्याला कुणी इजा केलेली नाही, ते त्याचं सर्टिफिकेट आहे.

"मग एवढी वर्षं करून काय झालं?" हा प्रश्न पप्पांनी विचारला आणि तो रास्त आहे. याचं उत्तर मला आपल्या भाषेत, म्हणजे आकडेमोडीत मिळालं.

समजा गावात १००० कुत्री आहेत. रेबीज झालेलं एक कुत्रं सरासरी दीड कुत्र्यांना रोग देतं असं धरू. (प्रत्यक्षातही हा आकडा एक आणि दोनच्या मध्येच असतो.) साथ थांबायची तर हा दीड एकच्या खाली आला पाहिजे, म्हणजे किमान एक तृतीयांश, ३३ टक्के कुत्री सुरक्षित हवीत. वाटतं, सोप्पं आहे! पण रस्त्यावरचं कुत्रं फार जगत नाही. वर्षात ४०० मरतात आणि ४०० नवीन पिल्लं येतात असं धरा. पिल्लांना लस नसते. तुम्ही जानेवारीत ५०० कुत्र्यांना लस दिली, तर डिसेंबरात त्यातली ३०० उरतात. ३० टक्के. गेलो खाली! ७०० ना दिली तर ४२० उरतात, म्हणजे वर्षभर टाकी ३३ च्या खुणेच्या वर. जागतिक आरोग्य संघटना ७० टक्के लसीकरण सांगते त्यामागचं गणित साधारण असं आहे. नसबंदीने नवीन पिल्लांचा नळ बारीक होतो. पण एका वॉर्डात यंदा, दुसऱ्यात दोन वर्षांनी, असं तुकड्या-तुकड्याने केलं तर टाकी कधीच भरत नाही. आपल्याकडे पुष्कळ शहरांत झालंय ते हेच.

गोव्यात काय केलं

कोल्हापूरहून आंबोली घाट उतरलं की गोवा. ट्रिपला आपण सगळे जातो, पण तिथे कुत्र्यांच्या बाबतीत काय घडलंय हे मला माहीत नव्हतं. २०१३ मध्ये भारतात सुरू झालेल्या मिशन रेबीज या संस्थेने गोवा सरकारला बरोबर घेऊन राज्यभर लसीकरण सुरू केलं. वर्षाला लाखाच्या घरात कुत्री. टीम घरोघर, वाड्यावाड्यावर जायची. जी कुत्री हातात येतात ती मालकाकडून धरून, जी येत नाहीत ती जाळ्याने. लस दिली की अंगावर रंगाची खूण. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाईल अॅपमध्ये, जी.पी.एस.सकट. दुसऱ्या फेरीत वेगळी माणसं फिरून रंग लागलेली किती आणि कोरी किती ते मोजणार. ७० च्या खाली असलेला भाग नकाशावर दिसतो आणि टीम परत तिथे जाते. आपण कंट्रोल सिस्टीममध्ये फीडबॅक लूप शिकतो ना, तेच हे, फक्त प्लँटच्या जागी पेडणे आणि काणकोण!

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. त्याच काळात त्यांची माणसं शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवत होती. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, चावलं तर घरी लपवायचं नाही. संशयित कुत्रं दिसलं तर कळवायला चोवीस तासांची हेल्पलाईन होती. २०१८ आणि २०१९ मध्ये गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. २०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये यावर पेपर आला, त्यात कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलंय. लस होती, जाळी होती, अॅप होतं. पण लोकांनी दार उघडून "हे घ्या आमचं कुत्रं" म्हटलं नसतं, तर तो आकडा ७० ला टेकला नसता.

नोकरी म्हणजे नेमकं काय?

आता मुद्द्यावर येते. या क्षेत्रात व्हेटर्नरी डॉक्टर लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्यासाठी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., साडेपाच वर्षं. महाराष्ट्रात ही कॉलेजं नागपूरच्या माफसू विद्यापीठाखाली येतात. आपल्याला सगळ्यात जवळचं शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील कॉलेज, आणि सगळ्यात जुनं मुंबईचं, १८८६ चं. ती गाडी माझी बारावीलाच सुटली.

पण एका डॉक्टरमागे बाकीची किती माणसं लागतात! जाळं टाकणारे असतात. हे काम हलकं समजू नका, कुत्र्याला न दुखवता आणि स्वतः न चावून घेता दिवसाला पंधरा-वीस कुत्री धरायची हे कौशल्य आहे, आणि त्यांना स्वतःला आधी लस घ्यावी लागते. ऑपरेशननंतर काळजी घेणारे असतात. शाळांत शिकवणारे, कायद्याचं बघणारे (प्राण्यांवरील क्रूरतेचा कायदा १९६० पासून आहे), निधी उभारणारे. २०१३ च्या कंपनी कायद्यात सी.एस.आर.च्या यादीत प्राणिकल्याण आलेलं असल्यामुळे या शेवटच्या कामाला आता चांगले लोक लागतात. आणि नकाशे, मोजणी, अॅप हे आपलं, इंजिनिअरचं काम.

या सगळ्यांच्या मध्ये एक पोस्ट असते, जाहिरातीत तिला कम्युनिटी एंगेजमेंट ऑफिसर असं लांबलचक नाव असतं. ह्यूमन वर्ल्ड फॉर अॅनिमल्स (२०२५ पूर्वीचं नाव ह्यूमन सोसायटी इंटरनॅशनल) सारख्या संस्था लखनौ, वडोदरा अशा शहरांत महापालिकांबरोबर काम करतात तिथे अशी माणसं असतात. मराठीत सांगायचं तर हा माणूस गल्लीत जाऊन बसतो. गाडी येणार आहे, कुत्री नेणार आहे, परत आणून सोडणार आहे, हे आधी सांगतो. खायला घालणाऱ्या आजींशी बोलतो, म्हणजे पकडायच्या दिवशी त्या कुत्र्यांना लपवून ठेवणार नाहीत. आणि ज्याच्या पोराला कुत्रं चावलंय त्याच्या घरीही जातो, शिव्या खातो, आणि लसीचे डोस पुरे झाले का ते विचारून येतो. सोसायटीत कुत्र्यांना कुठे आणि किती वाजता खायला घालायचं यावरून मारामारीची वेळ येते, तिथे मध्ये बसतो. २०२३ च्या नियमांत खाऊ घालायची जागा ठरवायची तरतूदच आहे, पण नियम वाचून दाखवल्याने कुणाचा राग शांत झालेला मी तरी बघितला नाही.

यात पाळीव प्राणीही येतात हं. हचच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले होते, असं मोठ्या बहिणी सांगतात. हौसेने आणलेलं पिल्लू वर्षभराने जड होतं आणि मग एक दिवस कुठल्या तरी नाक्यावर सोडलं जातं. आणायच्या आधी त्या घराशी अर्धा तास कुणी स्पष्ट बोललं असतं तर हे टळतं. तेही याच माणसाचं काम.

डिग्री कुठली लागते? एकच अशी नाही. समाजकार्याची, एम.एस.डब्ल्यू.ची पदवी उपयोगी पडते. ती मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये मिळते आणि आपल्या युनिव्हर्सिटी रोडवरच्या सायबरमध्येही मिळते, कोल्हापूर सोडायची गरज नाही. पगार आय.टी.च्या पॅकेजपेक्षा कमी. प्रोजेक्ट संपला की काँट्रॅक्टही संपतं. आणि रोज कुणाचं तरी मरण बघावं लागतं. हे न सांगता "पॅशन फॉलो करा" म्हणणं मला फसवणुकीसारखं वाटतं.

लोकांशी न बोलता प्राण्यांचं भलं करायला गेलं की काय होतं, हे आपल्याच जिल्ह्याने २०२५ मध्ये बघितलं. नांदणीच्या जैन मठातली महादेवी, आपली माधुरी हत्तीण. तीस वर्षांहून जास्त काळ ती तिथे होती. कोर्टाच्या आदेशाने जुलैअखेर तिला जामनगरला वनतारात नेलं आणि ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत लोक चालत आले. मोबाईलची सिमकार्डं पोर्ट झाली! माझी आजी जयसिंगपूरची. ती रडत होती, आणि मी तिला तिच्या पायांच्या दुखण्याबद्दल कोर्टात काय सांगितलं गेलं ते समजावत होते. आजी म्हणाली, "खरं असंल गं. पण आमाला कुणी इचारलं?" हत्तीण काही कुत्र्या-मांजरासारखा घरगुती प्राणी नव्हे, मला मान्य आहे. तिची तब्येत हा खरा प्रश्न होता असं मला आजही वाटतं. पण आजीच्या प्रश्नात मला वॉचमनकाकाच ऐकू आले.

आमची मोजणी

तर मी काय केलं? आधी मोजली. आम्हाला वाटायचं कॅम्पसवर पंधरा-सोळा कुत्री असतील. २०२५ च्या जानेवारीत एका पहाटे दोघी-दोघींनी फिरून दिसेल त्या कुत्र्याचा फोटो काढला, १८ वेगवेगळी कुत्री मिळाली. दुसऱ्या दिवशी परत फिरलो, २० दिसली, त्यातली १२ कालचीच. आता गणित करा. दुसऱ्या दिवशीच्या २० पैकी १२ ओळखीची, म्हणजे पहिल्या दिवशी आपल्याला एकूण कुत्र्यांपैकी साधारण १२/२० दिसली होती. १८ ला या अपूर्णांकाने भागलं की ३०. तीस कुत्री! तळ्यातले मासे मोजायला हीच पद्धत वापरतात. तीसपैकी कान कापलेली आम्हाला फक्त सात मिळाली.

मग वही घेऊन माणसांकडे गेले. हे मोजणीपेक्षा कितीतरी अवघड. पहिल्या दिवशी टपरीवाल्या मामांसमोर माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून तेच हसायला लागले. मेसमधल्या मावशींनी सांगितलं की कचऱ्याच्या पिंपाला झाकण नाही, रात्री कुत्री पिंप पाडतात आणि पहाटे उचलायचं त्यांना. झाडूवाल्या काकूंची तक्रार वेगळी होती. भाद्रपदापासून जी भांडणं चालतात त्यात पार्किंगमधून जायची त्यांना भीती वाटते. (भाद्रपद आणि कुत्री हा विषय त्यांनी पदर तोंडाला लावून सांगितला आणि मीही वहीत खाली बघत लिहिला.) आणि वॉचमनकाका? मला वाटलं होतं, म्हणतील सगळी घालवा. ते म्हणाले, रात्री कुत्री हवीतच, चोराचिलटाची चाहूल त्यांनाच आधी लागते. फक्त पहाटे सहाला गेटवर नकोत.

एवढंच! कुणाचंच म्हणणं मोठं नव्हतं. पिंपाला झाकण वर्कशॉपच्या सरांनी पत्रा कापून करून दिलं. खायला घालायची जागा गेटवरून ग्राउंडच्या मागच्या कोपऱ्यात नेली, वेळ रात्री नऊ, उष्टं पंधरा मिनिटांत उचलायचं. वर्षभरात चौदा कुत्र्यांची नसबंदी आणि लस झाली, त्यात केटी एक. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिला उपाशी ठेवायचं होतं. मी पाच मिनिटं सोडली तर रात्रभर तिच्याकडे बघितलं नाही, नाहीतर घातलंच असतं. सकाळी गाडीत तिला चढवताना मागून धरलं ते वॉचमनकाकांनी. गेटवर त्यानंतर कुणाला चावल्याची नोंद नाही.

पप्पांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कुत्री पकडायला इंजिनिअर केलं का तुला?" मी म्हटलं, "पप्पा, पांजरपोळ म्हणजे काय?" ते म्हणाले, "इंडस्ट्रियल इस्टेट." मी म्हटलं, त्याआधी? भाकड, म्हाताऱ्या जनावरांना सांभाळायची जागा, हे त्यांना माहीत होतं, फक्त खूप वर्षांत आठवलं नव्हतं. ते हसले. परवानगी मात्र अजून दिलेली नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला बसायचं, नोकरी लागली तर दोन वर्षं करायची, मग बघू, असा तह झालाय. मी अॅप्टिट्यूडचा अभ्यासही करतेय. खोटं कशाला सांगू, पॅकेजचे आकडे ऐकले की माझंही मन डगमगतं.

आणि मग ७ नोव्हेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. त्याआधी ११ ऑगस्टला दिल्लीची सगळी कुत्री उचलायचा आदेश झाला होता, २२ ऑगस्टला मोठ्या बेंचने तो बदलून नसबंदी-लस करून परत सोडायला सांगितलं. नोव्हेंबरच्या आदेशात मात्र शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडा संकुलं, बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री काढायची, नसबंदी-लस करून शेल्टरमध्ये ठेवायची, आणि परत त्याच जागी सोडायची नाहीत, असं म्हटलं. म्हणजे आमची चौदाही!

मी दोन दिवस जेवले नाही. पण ज्यांची मुलं चावून मेलीत त्यांच्याही बाजूने कोर्ट बोलतंय, हे मला दोन वर्षांपूर्वी दिसलं नसतं, ते आता दिसतं. शेल्टरमध्ये जन्म काढणं केटीला जमेल असं मला वाटत नाही, आणि एवढी शेल्टरं आहेत कुठे हाही प्रश्न आहेच. कॉलेजात मीटिंग झाली तेव्हा मी आमची वही नेली. फोटो, कानाची खूण, लसीची तारीख, स्वभाव, सगळं त्यात आहे. प्रिन्सिपॉल सर बराच वेळ पानं उलटत होते. शेवटी म्हणाले, ज्यांना घरं मिळतील ती रीतसर दत्तक द्या, यादी माझ्याकडे आणा.

तेव्हापासून वहीत एक कॉलम वाढलाय, "घर". चौदापैकी सहांच्या पुढे नावं आली आहेत. दोन टपरीवाल्या मामांच्या शेतावर, एक मावशींकडे, एक आमच्या लॅब असिस्टंटकडे गारगोटीला, आणि दोन काळी भावंडं वॉचमनकाकांच्या गावच्या वस्तीवर गेली. काका म्हणाले, "चावलं ती जात येगळी, ही गुणाची हैत."

केटीच्या पुढची जागा अजून रिकामी आहे. मला हॉस्टेलमध्ये ठेवता येत नाही आणि घरी फ्लॅटच्या सोसायटीशी पप्पांची बोलणी चालू आहेत (हो, पप्पांचीच!). वय साधारण चार वर्षं, नसबंदी झालेली, लस दरवर्षी, सायकलमागे धावत नाही, फटाक्यांना घाबरते. ज्यांच्या अंगणाला गेट आहे आणि घरातली सगळी माणसं तयार आहेत, त्यांनी मॅगझिन कमिटीकडे नाव द्यावं. मी आधी घर बघायला येईन आणि बरेच प्रश्न विचारीन, राग मानू नका.